गोठलेली खिडकी

ज्या उन्हाळ्यात आमच्या अंडी उबवायच्या मशीनचं डोकं जळालं, त्या उन्हाळ्यात माझी धाकटी जाऊ घरात नुकती रुळली होती.

मशीन म्हणजे माणूस आत ताठ उभा राहील एवढं लाकडी कपाट. आत ट्रेंचे मजले, मागे पंखा, तळाला पाण्याचं पसरट भांडं. ऊब देणारी बाजू शाबूत होती. जळालं ते ट्रे कलते करणारं पॅनेल. अंड्यातलं पिलू एकाच अंगावर फार वेळ राहिलं तर आतल्या पापुद्र्याला चिकटतं, म्हणून ट्रे थोड्या थोड्या वेळानं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवावे लागतात. ते मशीन आपलं आपण करायचं. त्या वर्षी ऊन असं की विहिरीवरची दोरीसुद्धा हाताला भाजायची. वीज यायची, जायची, यायची. एका दुपारी पॅनेलमधून धूर निघाला आणि ट्रे होते तसे थांबले.

वायरमननं झाकण उघडलं, नाक मुरडलं. म्हणाला, "डोकं गेलं. धड चांगलं आहे."

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात बहुतेकांचं तसंच आहे. तरी चाललंय."

नवं पॅनेल मिळण्याची सोय नव्हती. बनवणारी कंपनीच बंद पडली होती. मशीनच्या कुशीला एक लोखंडी दांडा होता, अडीअडचणीसाठी ठेवलेला. तो खाली ओढला की सगळे ट्रे एका बाजूला कलायचे, वर ढकलला की दुसऱ्या. दांडा बोलायला सोपा. ओढताना पाय भिंतीला टेकवून अंगाचा सगळा भार टाकावा लागे, आणि तोही हळूहळू, कारण हिसका बसला की पिलू दगावतं. सासूबाईंचा खांदा पूर्वीच निकामी झालेला. माझी कंबर धरलेली. पुरुष दिवसभर गाडी घेऊन पिलं पोचवायला आणि अंडी गोळा करायला. म्हणजे दांडा धाकटीच्या वाट्याला आला. उठता बसता दांडा. जेवताना अर्ध्यावर हात धुऊन दांडा. तिच्या तळव्यांना घट्टे पडले, ते फुटले, त्यावर पुन्हा घट्टे आले. खोलीत कोंदट ऊब, ओल्या पोत्याचा वास, पंख्याची घरघर. बाहेर आली की ती ओसरीवर बसून नुसती श्वास घ्यायची.

तिचे वडील शिंपी. आई लहानपणीच गेलेली. त्यांनी एकट्यानं शिलाई मशीनपाशी बसवून तिला वाढवलेलं. त्या वर्षी त्यांना दम लागायला लागला होता. शेजारच्या दुकानातून फोन करायचे. "सवडीनं ये गं," एवढंच म्हणायचे. लवकर ये, असं त्या माणसानं एकदाही म्हटलं नाही.

"आई, चार दिवस जाऊन येऊ का?" धाकटी विचारायची.

"जा की. मी कशाला अडवू?" सासूबाई म्हणायच्या. "पण दांड्याला कोण? अंड्यांची ही खेप निघू दे, मग जा."

त्या वाईट नव्हत्या. उन्हानं आधीच्या दोन खेपा गेल्या होत्या. आजूबाजूच्या सगळ्या कोंबडीवाल्यांनी या खेपेवर डोळे लावले होते. ही गेली असती तर ते दुसरीकडे वळले असते, आणि वळलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

भाऊजींनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्यानं, कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. फुकट मिळाला म्हणून आणला. लग्नाआधी धाकटी एका दुकानात टायपिंग करायची, तेव्हा तो तिला परका नव्हता. एक दिवस वायरमन तिला म्हणाला, "वहिनी, मोटर ठणठणीत आहे. तिला फक्त 'चाल' आणि 'थांब' म्हणणारं कुणी हवंय. कॉम्प्युटरनं म्हटलं तर तारा मी जोडून देतो."

धाकटीनं तालुक्याच्या वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत पडद्यावर खिडक्या आणि बटणं कशी करायची, त्याचं. दोन ओढींच्या मध्ये जो वेळ मिळे, त्यात ती मशीनच्या खोलीतच स्टूल टाकून बसायची. घामानं पुस्तकाची पानं फुगली.

पहिली खिडकी झाली त्या दिवशी तिनं आम्हाला सगळ्यांना बोलावलं. आम्ही पडद्यासमोर दाटीवाटीनं उभे राहिलो. मध्यभागी काडेपेटीएवढा राखाडी चौकोन उघडला. बाकी काही नाही.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"खिडकी."

"उघडली खरी. पण आत भिंतच आहे की!"

धाकटी पोट धरून हसली. त्या उन्हाळ्यात ती तशी हसलेली मला एवढीच आठवते.

मग बटण आलं. ते आधी कोपऱ्याला चिकटून बसायचं. दुसरं घातलं की पहिलं सरकायचं. एखाद्या ओळीच्या आधी जागा कमी सोडली की सगळंच अडायचं. ती ओळ शोधताना धाकटी डोळे बारीक करून पडद्याजवळ जायची, उसवलेली शिवण शोधावी तशी. मला ती समजावून सांगायची. मी भाजी निवडत ऐकायची.

"बघा ताई, बटण दाबलं की काय करायचं, ते आधीच सांगून ठेवायचं. मग खिडकी नुसती उभी असते. कुणी हात लावतंय का, याची वाट बघत."

"म्हणजे सूनच की."

"तसंच," ती म्हणाली. "फक्त एका वेळी एकच काम सांगायचं तिला."

एकदा मी विचारलं, मग ते पूर्वीसारखं आपलं आपण का नाही होत? तिलाही तसंच करायचं होतं. पण सासरे ऐकेनात. त्यांना माणसाशिवाय हलणाऱ्या वस्तूवर विश्वास उरला नव्हता. "माणसानं काचेतून बघावं, ऊब बघावी, पाणी बघावं, मग हलवावं," ते म्हणाले. आणि ते काम आपण करू, असंही म्हणाले. दांडा ओढायचं वय नव्हतं, पण बटण दाबायचं होतं. आयुष्यभर पंख्याशेजारी राहून त्यांचे कान गेले होते, डोळेही मंद. म्हणून धाकटीनं अक्षरं तळहाताएवढी केली. एक हिरवं बटण, त्यावर 'फिरवा'. एक लाल, त्यावर 'थांबा'. हिरवं एकदा दाबलं की ट्रे एका बाजूला कलणार, पुढच्या वेळी दाबलं की दुसऱ्या.

वायरमननं तारा जोडल्या. सासऱ्यांनी नवं धोतर नेसलेल्या नवरदेवाच्या थाटात खुर्ची ओढली, बोट सरळ केलं आणि बटण दाबलं. धाकटी बाजूला उभी होती. तिनं हाताचा पंजा वर धरला: थांबा, बाबा. ट्रे सावकाश कलले, एका लयीत, दांड्यानं कधी जमलं नव्हतं इतके अलगद. पूर्ण कलल्यावर तिनं पंजा खाली केला.

"अरे वा!" सासरे ओरडले. बहिऱ्या माणसाचं कौतुकही साऱ्या गल्लीला ऐकू जातं. त्यानंतर येईल त्याला ते खोलीत नेऊन दाखवायचे. "मशीनचं डोकं गेलं होतं ना? आमच्या सुनेनं नवं बसवलं!"

काही दिवस तसेच गेले. दर वेळी ते दाबायचे, दर वेळी ती पंजा वर धरायची, आणि ते तिच्या हाताकडे बघत थांबायचे. तो हात हा त्या खिडकीचाच अर्धा भाग झाला होता, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

मग तिच्या वडिलांचा फोन आला. या वेळी ते स्वतः बोललेच नाहीत, दुकानदार बोलला. धाकटीनं फोन ठेवला आणि सासूबाईंसमोर उभी राहिली. सासूबाईंनी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी छातीवर हात ठेवला: मी आहे की!

"जा मग," सासूबाई म्हणाल्या. "आता काय, बटणच दाबायचंय."

पिशवीत दोन कपडे घालून ती सकाळच्या बसनं गेली. जाताना सासऱ्यांच्या कानाशी ओरडून सांगून गेली, "एकदाच दाबायचं, बाबा!" ते म्हणाले, "मला शिकवतेस?"

तो दिवस नीट गेला. मी खोलीतच कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा माझ्याकडे बघून ते थांबत असावेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात रिकामे ट्रे धुवायला बसले. सासरे एकटे होते. त्यांनी दाबलं. खिडकी जशीच्या तशी. मोटर हळू सुरू व्हायची. ती त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. मशीनच्या काचेवर ओल धरली होती, आतले ट्रे दिसत नव्हते. वर धरलेला हातही नव्हता. त्यांना वाटलं, लागलं नाही. पुन्हा दाबलं. मग पुन्हा. बंद दाराची कडी वाजवावी तसं दाबत राहिले.

खिडकी त्या वेळी कुणाचंच ऐकत नव्हती. पण आलेला प्रत्येक निरोप तिनं रांगेत लावून ठेवला होता. पहिलं काम संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. ट्रे डावीकडे गेले, उजवीकडे आले, परत डावीकडे. ते हलताना काचेत सावली दिसली तेव्हा सासरे घाबरले आणि लाल बटण दाबलं. तेही रांगेत शेवटी जाऊन उभं राहिलं.

मला ट्रे ओढणाऱ्या चेनची खडखड ऐकू आली. धावत आत गेले तर ते दोन्ही बटणं आळीपाळीनं दाबत होते. "अगं, हे ऐकत नाहीये!" ते ओरडले. "काही केल्या ऐकत नाहीये!"

मी मोटरची पिन खेचली, पण तोवर चेन सुटली होती. वरचे ट्रे घसरून खालच्यांवर आले. आवाज मोठा नव्हता. ओल्या मडक्यांचा ढीग बसावा तसा. मग मशीनच्या दाराखालून पिवळं आलं, त्यात लाल बारीक रेषा. काही रेषा अजून धडधडत होत्या.

सासरे खुर्चीवर बसून राहिले. त्यांचं बोट तसंच वाकलेलं होतं. शेजारची दोन माणसं दारात येऊन डोकावली. ज्यांना त्यांनी मशीन कौतुकानं दाखवलं होतं, तीच. "नवं डोकंही गेलं वाटतं," त्यातला एक म्हणाला. सासऱ्यांना ते ऐकू आलं नाही; पण तोंडं हलताना दिसली, आणि त्यांनी मान खाली घातली.

खालचे निम्म्याहून जास्त ट्रे धड होते. आम्ही चेन सोडवून बाजूला केली. आमचे हे आणि भाऊजी दोघंही तेवढ्यात गाडी घेऊन परत आले. भाऊजींनी दांडा ओढून पाहिला. तो चालत होता.

"तिला फोन लाव," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आपलं काम अर्धवट सोडून गेली. ये म्हणावं."

फोन मी लावला. दुकानदारानं तिला बोलावून आणलं. मी झालं ते सांगितलं.

"ताई, बाबांनी किती वेळा दाबलं?"

"हललं नाही असं वाटलं त्यांना. दाबतच राहिले."

"कळलं मला," ती म्हणाली. "चूक माझीच आहे. छोटीच आहे, पण मला तिथं बसावं लागेल. तोवर कॉम्प्युटरला हात लावू नका. दांडा चालतोय ना?"

"चालतोय."

"मग चार दिवस दांड्यानं चालवाल का? यांना सांगा ना. माझे वडील उठून बसलेत आज. माझ्या हातचं खाल्लं त्यांनी."

मी ते भाऊजींना सांगितलं. भाऊजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई बाहेर जमलेल्या माणसांकडे बघत होत्या. भाऊजींनी माझ्या हातून फोन घेतला.

"घरात हे असं झालंय आणि तू तिथं बसणार?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील? बाबांचं तोंड बघवत नाही. पहिल्या बसनं ये."

दांड्याजवळ तेव्हा दोन धडधाकट पुरुष उभे होते. मी तिथंच होते, सासूबाई होत्या. दांडाही होता.

ती पहिल्या बसनं आली. पिशवी ठेवली, बाह्या सारल्या आणि आधी मशीनमध्ये शिरून फुटलेलं उपसलं. मग उरलेलं एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहिलं. जिवंत इकडे, मेलेलं तिकडे. सासरे दारात घुटमळत होते. तिनंच त्यांना स्टूल दिलं.

वायरमन चेन बसवत असताना ती पडद्यासमोर बसली. मी चहा घेऊन गेले.

"काय चुकलं गं?"

"मी बटणाला सांगितलं होतं, मोटर सुरू कर, ट्रे पूर्ण कलेपर्यंत तिथंच उभं राहा, मग बंद कर. ते उभं राहिलं. पण ते उभं असलं की सगळी खिडकीच गोठते, ताई. कुणाकडे बघत नाही, काही दाखवत नाही."

"आणि आता?"

"आता सांगितलं, मोटर सुरू कर आणि मोकळं हो. थोड्या वेळानं मला हाक मार, मी येऊन बंद करीन."

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली. "दोन ओळी."

शिवाय तिनं एक पट्टी घातली. ट्रे कलतील तशी ती भरत जायची, आणि भरेपर्यंत हिरवं बटण फिकं पडून दाबलंच जायचं नाही. ती सासऱ्यांना ते दाखवत असताना बाहेर फोन वाजला. आमच्या ह्यांनी घेतला, आणि दारात येऊन नुसतं तिच्याकडे बघितलं. ती उठून गेली. ऐकलं. "बरं" म्हणाली. परत येऊन सासऱ्यांच्या शेजारी उभी राहिली.

"दाबा, बाबा."

त्यांनी दाबलं. पट्टी भरू लागली. त्यांनी मुद्दाम परत दाबून पाहिलं. काही झालं नाही. पट्टी भरली, ट्रे थांबले, बटण हिरवं झालं. सासऱ्यांनी तोंडभर हसून तिच्याकडे पाहिलं.

"जमलं तुम्हाला," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "माझे वडील गेले."

नंतर खूप दिवसांनी, पिलं पाट्यांत भरताना, ती मला त्या एका मुक्कामाचं बोलली. वडिलांनी तिचं माप घेतलं होतं, म्हणाली. अंथरुणावर बसूनच. खांद्यावर टेप धरून म्हणाले होते, बारीक झालीस. एवढंच सांगितलं.

खेपेतली उरलेली पिलं चांगली निघाली. कोंबडीवाले कुरकुरले, पण टिकले. आणि ती खिडकी पुढं वर्षानुवर्षं चालली. कॉम्प्युटर बदलला, मोटर बदलली, खिडकी तीच. दांड्यावर आम्ही ओली पोती वाळत घालायला लागलो. घराला जणू पाय फुटले. सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदाच बहिणीकडे महिनाभर राहिल्या आणि अंगानं भरून परतल्या. मी लेकीच्या बाळंतपणाला गेले, निवांत. हे आणि भाऊजी कुठं कुठं जाऊन आले. बटण कुणीही दाबायचं. घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा ते जमायचं.

धाकटी मात्र कुठं गेली नाही. सासूबाईंना ते खुपायचं. त्या बोलून दाखवायच्या नाहीत, पण तिच्या ताटात आधी वाढायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "तूही जा ना गं चार दिवस. आठ दिवस जा. मी बघते इथलं."

"जाईन की," ती म्हणाली.

आणि एका सकाळी खरंच निघाली. दोन कपडे पिशवीत घातले. सासूबाईंनी स्वतः प्रवासाचा डबा भरून दिला, बस येईपर्यंत रस्त्यावर उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी ओसरीवर बसले होते तर ती समोरून येताना दिसली. डबा न उघडलेला. सासूबाई दारात आल्या.

"अगं, आठ दिवस म्हटलं होतं ना?"

"जाऊन आले," ती म्हणाली. "माहेरच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. चांगली आहेत. पाणी दिलं." मग चपला काढत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "थांब म्हणणारं कुणी नव्हतं तिथं."

सासूबाईंनी हात पुढं केला, पिशवी घ्यायला असेल. पण धाकटीनं ती आधीच खुंटीला लावली होती. आतून सासऱ्यांना दारातली सावली दिसली असावी.

"आलीस का?" ते ओरडले. "ये, बघ ये! आज दिवसभर एकदाही अडलं नाही!"

ती खोलीत गेली. पंख्याच्या घरघरीवर त्यांना ऐकू जावं म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागलं, म्हणून बाहेर आम्हालाही ऐकू आलं.

"हो, बाबा," ती म्हणाली. "फार छान चाललंय."